रहाडी बुजवा म्हणणाऱ्यांसाठी

तिवंधाकर:
परवा एका साहेबांनी पोस्ट टाकली की जुन्या नाशकातल्या रहाडी, म्हणजे रंगपंचमीचे जमिनीतले दगडी हौद, कायमच्या बुजवा, पाण्याची नासाडी आणि नुसती हुल्लडबाजी, इतिहास बघायचाय तर पांडवलेणी आहेत, सरकारवाडा आहे, तिथे शांतपणे जा. डोकंच फिरलं. अहो, रहाड वर्षभर बुजवलेलीच असते, वर लाकडं टाकून माती लोटलेली, तिच्यावरून रिक्षा जातात, आणि रंगपंचमी आली की उकरायची, पूजा करायची, रंग कालवायचा आणि धप्पे मारायचे, म्हणजे हौदात धपकन उड्या. पेशवाईतला दगडी हौद आजही त्याच कामाला वापरतोय आपण, वापरात आहे म्हणून टिकलाय. सरकारवाड्यात, त्या पेशवेकालीन वाड्यात, जाऊन तुम्ही खांब बघणार, सेल्फी काढणार आणि मिसळ खायला जाणार.

गंगापूररोडवाला:
पोस्ट माझीच. भावना बाजूला ठेवा, हिशोब करा. पंचवीस बाय पंचवीसचा हौद, आठ फूट खोल धरा, पाच हजार घनफूट, म्हणजे १ लाख ४० हजार लिटर. एका रहाडीचं. मार्चमध्ये.

तिवंधाकर:
आणि त्याच पाण्यात दिवसभर अख्खी गल्ली भिजते! तुमच्याकडच्या लॉन्सवर रेन डान्सला टँकर येतात त्याचा हिशोब कधी मांडलात? दुष्काळ असेल त्या वर्षी हौद अर्धा भरू, बास? खूश?

सिडकोची सून:
माझं माहेर जुन्या नाशकातलंच. लहानपणापासून धप्पे बघितले ते गच्चीतूनच. भाऊ खाली, आम्ही वर. त्यामुळे परंपरेचं फार कौतुक मला सांगू नका.

लेणीवेडा:
मुळात नाशिकचा भूतकाळ पेशवाईतच सुरू झाला असं कोणी सांगितलं? पांडवलेणीत तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, गौतमीपुत्र सातकर्णीची आई ती, मुलाचा पराक्रम कोरून ठेवलाय बाईने, सातवाहन काळात. तिथे लोक बोटिंगला आल्यासारखे येतात. आणि आजोबा-पणजोबांच्या आठवणी काढताना हेही आठवा की काळारामाच्या दारात २ मार्च १९३० ला दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला तो १९३५ पर्यंत चालला. दार उघडलं नाही. माझे आजोबा त्या दाराबाहेरचे.

तिवंधाकर:
ते कोण नाकारतंय? पण म्हणून रहाड बुजवायची का?

लेणीवेडा:
बुजवा असं मी कुठे म्हटलं? नीट वाचा.

वाडेवाली:
तुमचं चालू द्या. सरकारवाड्याची काळजी सरकार घेतं, आमच्या वाड्याची कोण घेणार? रविवार कारंज्याजवळ चौसोपी वाडा होता आमचा. भाडेकरू महिन्याला जे भाडं द्यायचे त्यात आज दोन मिसळी येत नाहीत, दुरुस्तीला हात लावला की कोर्टात जायचे, आणि पावसाळ्याच्या तोंडावर नोटीस मात्र आम्हाला, वाडा धोकादायक आहे, रिकामा करा. मागची भिंत बसली तेव्हा हेरिटेजवाले धावत आले. फोटो काढायला! शेवटी वाडा पाडला. लाज नाही वाटत सांगायला.

भांडीबाजार:
ताई, भाडेकरूंना बोलायचं काम नाही. पागडी, म्हणजे जागा देतानाच घ्यायची रोख रक्कम, मोजून घेतली होती मालकांनी माझ्या आजोबांकडून, ती कोणी का सांगत नाही? २०१६ च्या पुरात दुकानात पाणी, गोदेच्या पात्रातला, पुराचं पाणी ज्याच्यावरून मोजतात तो दुतोंड्या मारुती बुडत चाललेला, तांब्याची भांडी आम्ही माळ्यावर चढवतोय, आणि मालक पुण्यात. गेल्या वीस वर्षांत कौलं मी बदलली, मी!

वाडेवाली:
बदललीत कारण दुकान तुमचं चालत होतं. आम्हाला त्यातून काय मिळत होतं? आणि पुण्याला नोकरीसाठी गेले वडील, हौसेने नाही. पागडीची पावती आहे का?

भांडीबाजार:
पागडीची पावती कोणी देतं का ताई? तुम्हालाही माहितीये.

गंगापूररोडवाला:
बघा, वाडे वापरात होते तरी पडलेच ना? वापरात आहे म्हणून टिकतं हा युक्तिवाद कुठे गेला?

तिवंधाकर:
वाड्याला मालक एक, भांडायला वीस. रहाडीचा मान एका घराण्याकडे असतो पण माती उपसायला अख्खा चौक फावडी घेऊन उतरतो, कोणाला पगार नाही, भाडं नाही. तुमच्या सोसायटीत साधी टाकी धुवायला माणसं जमतात का?

गंगापूररोडवाला:
टाकी एजन्सी धुते. बरं, ते माती उपसण्याचं मान्य. पाण्याचं नाही.

सिडकोची सून:
माती उपसायला बायका चालतील का?

तिवंधाकर:
या की. मीच बोलतो चौकात. फावडं घेऊन या.

ओझरकर:
वाडेवाली, विषय वेगळा आहे पण सागवानी खांब, तुळया काही शिल्लक आहेत का? फार्महाऊस बांधतोय.

वाडेवाली:
उशीर केलात. चारही सोप्यांचे खांब एकाच माणसाने उचलले आणि पॉलिश मारून रिसॉर्टच्या बारमध्ये लावलेत.