जर्मनीची इंटर्नशिप आणि ऐंशी हजार

ए-३०२ : नमस्कार. धाकटीला जर्मनीत केमिकल कंपनीत दोन महिन्यांची समर इंटर्नशिप मिळतेय, स्टायपेंडसकट. एसवाय बीएस्सी आहे. एजंट ८० हजार मागतोय, उद्यापर्यंत. कुणाला काही माहिती?

सी-१०४ : पगारी ना? मग पैसे आपण का द्यायचे?

ए-३०२ : प्रोसेसिंग म्हणे काका. व्हिसा पण तोच काढणार, टुरिस्ट.

बी-२०१ : दादा, थांबा! टुरिस्ट व्हिसावर पगारी काम चालत नाही. मी एमएस्सीला असताना अशाच इंटर्नशिपला जर्मनीत लुडविग्सहाफेनला गेले होते, तेव्हा आधी कंपनीचं पत्र, मग झेडएव्हीची संमती (तिथल्या रोजगार खात्याची शाखा), मग व्हिसा. काम शिक्षणाच्या विषयातलंच हवं, आणि चार सेमिस्टर पूर्ण झालेली हवीत.

ए-३०२ : तिचं चौथं मेमध्ये संपेल.

बी-२०१ : मग जूनला जमू शकतं. पण करारात रक्कम नीट बघा. तिथलं किमान वेतन २०२६ पासून ताशी १३.९० युरो आहे, पण तीन महिन्यांपर्यंतच्या ऐच्छिक इंटर्नला ते लागू नाही. म्हणजे कंपनी कमीही देऊ शकते, आणि खोलीभाडं तर भरावंच लागतं.

डी-५०३ : शुभ सकाळ 🌹 पाणी आज अर्धा तास.

सी-१०४ : अहो, इथे महत्त्वाचं चाललंय!

बी-२०१ : 🙂 एजंटशिवाय पण रस्ता आहे दादा. आयएस्टे ही संस्था १९४८ पासून हेच करते, सायन्स-इंजिनिअरिंगच्या मुलांना परदेशात पगारी काम. देशादेशांत जागांची देवाणघेवाण असते, आपण जितक्या जागा देऊ त्या हिशोबात आपल्याला मिळतात. राहण्याखाण्यापुरतं कंपनी देते, विमानाचं तिकीट आपलं. कॉलेजात विचारा, सगळीकडे नसते.

ई-४०१ : माझा भाचा अमेरिकेत शिकतोय. त्याला तिथे सीपीटीवर (शिकता शिकता अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायची परवानगी) कंपनीत काम मिळालं, पण पूर्णवेळ बारा महिने झाले की पुढची ओपीटी (शिक्षणानंतर तिथे काम करायची परवानगी) जाते म्हणे, म्हणून जपून वापरतोय.

सी-१०४ : ते तिथे शिकणाऱ्यांचं हो. ही मुलगी इथून जाणार.

ए-३०२ : एजंटला आत्ता फोन केला. कंपनीचं पत्र मागितलं, तर म्हणतो फी भरल्याशिवाय कंपनीचं नाव सांगता येत नाही.

सी-१०४ : त्याला म्हणावं, पहिला स्टायपेंड हातात पडला की फी देतो.

ए-३०२ : 😂 पाठवलं तसंच. ब्लू टिक आली, उत्तर नाही.