चौकोनी कंसातली अट नेहमीच खरी का ठरते?

प्रश्न (कळमना, नागपूर)
आमच्या संत्र्यांच्या शीतगृहातील तापमान ८ अंशांच्या वर गेले, तर मोबाइलवर संदेश यावा म्हणून मी एक छोटी शेल स्क्रिप्ट (शेल या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामसाठी लिहिलेली कमांडची फाइल) लिहिली आहे. तीत ‘इफ’नंतरची अट [ $तापमान > ८ ] अशी आहे (खऱ्या फाइलीत नाव आणि आकडा अर्थातच रोमन आहेत). तापमान ५ असो वा ६, संदेश येतोच, अगदी रात्री दोन वाजताही. शिवाय फोल्डरात ‘८’ नावाची रिकामी फाइल तयार होते आणि पुसली तरी पुन्हा उगवते. चूक कुठे आहे?

उत्तर (धरमपेठ)
त्या रिकाम्या फाइलीतच उत्तर आहे. [ हा नुसता कंस नसून ‘टेस्ट’ या कमांडचेच दुसरे रूप आहे, म्हणूनच त्याच्यापुढे मोकळी जागा सोडावी लागते. कमांड सुरू होण्यापूर्वीच शेलला > दिसते आणि शेल कमांडचे आउटपुट ‘८’ नावाच्या फाइलीकडे वळवते. टेस्टच्या हाती उरतो एकटा ६, आणि एकच शब्द मिळाला की तो रिकामा नाही ना, एवढेच ती पाहते. संख्यांच्या तुलनेसाठी [ "$तापमान" -जीटी ८ ] असे लिहावे; -जीटी म्हणजे ‘पेक्षा मोठे’.

उत्तर (सक्करदरा)
दुहेरी कंस [[ ]] वापरून > तसेच ठेवण्याचा मोह टाळावा. तिथे फाइल तयार होत नाही, पण तुलना अक्षरांची होते. ‘१०’ची सुरुवात १ ने होत असल्यामुळे ते ‘८’पेक्षा लहान ठरते, म्हणजे माल खरोखर तापल्यावर संदेश येणारच नाही. शिवाय उबुंटूवर एसएच म्हणून चालणाऱ्या डॅश या शेलला दुहेरी कंस कळतच नाहीत.

प्रश्नकर्ता
-जीटी लावले, परंतु सेन्सर ६.५ असे आकडे देतो आणि ‘पूर्णांक अपेक्षित’ अशा अर्थाची त्रुटी येते.

उत्तर (धरमपेठ)
ही त्रुटी दुर्लक्षू नये. शेलमध्ये ० हा एक्झिट स्टेटस (कमांड संपताना परत करते तो आकडा) म्हणजे खरे आणि बाकी सारे खोटे, हे गणिताची सवय असलेल्याला उलटेच वाटते. त्रुटी आली की टेस्ट १ पेक्षा मोठा आकडा परत करते, ‘इफ’ त्याला खोटे समजते आणि ८.५ अंशांवरही तुमचा मोबाइल गप्प राहतो. सोपा उपाय म्हणजे आकडा अंशाच्या दहाव्या भागात नोंदवून ८० शी ताडून पाहणे. ते शक्य नसेल, तर ‘इफ’पुढे कंसाऐवजी थेट ऑक ही मजकूर आणि आकडे हाताळणारी कमांड ठेवावी, कारण ‘इफ’ला कोणतीही कमांड चालते. ऑकला दशांश समजतात, फक्त अट पूर्ण झाल्यावर तिने ० परत करावा असे लिहायला विसरू नका.