शाळेची वही गावाने पाहिली का? शाळा व्यवस्थापन समितीचे तुमचे अनुभव लिहा

धागा सुरू करणारी

आमच्या गावात जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. दोन खोल्या, एक व्हरांडा, आवारात कडुनिंब. मागच्या जुलैत पालकसभेत माझं नाव समितीत आलं. पंधरा दिवस झाले असतील, तर चौथीतला एक मुलगा ठरावाची वही घेऊन घरी आला. "सरांनी सही मागितली." मी कपाशीला खत देऊन नुकतीच आले होते, हातही धुतले नव्हते. वही उघडली तर वर तारीख, खाली "सर्वानुमते मंजूर", आणि मधलं अख्खं पान कोरं. माझ्याआधी सहा जणींच्या सह्या झालेल्या. त्यात दोन अंगठे.

मी सही केली नाही. मुलाला म्हटलं, "सरांले सांग, काय मंजूर केलं थे आधी लिहा, मंग सही करीन." सासूबाई घाबरल्या. मास्तर नाराज झाले तर पोराचं कसं होईल, ही भीती घराघरात असते आणि ती खोटी नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. सर चिडले नाहीत, थोडे ओशाळले. आमच्या शाळेत ४२ मुलं, म्हणून संयुक्त शाळा अनुदान, म्हणजे शाळेच्या वर्षभराच्या खर्चाला पटावरून मिळणारा सरकारी पैसा, २५ हजार रुपये येतं. खडू, रजिस्टरं, वीजबिल, रंगकाम, एक पंखा, सगळ्याच्या पावत्या फाइलीत होत्या. त्यांनी लपवलं काहीच नव्हतं. कोणी विचारलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलं नाही, आणि गावात मात्र तीन वर्षं "शाळेचा पैसा खाल्ला" अशी कुजबुज चालू होती.

१५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर सरांनी तो हिशेब उभ्याने वाचला. मागून एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "पंख्याचे पैसे तं आयकू आले, पंखा कोठी हाय?" पंखा दुरुस्तीला तालुक्याला गेला होता. तिसऱ्या दिवशी तो पहिलीच्या वर्गात लागला.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. समितीत पाऊण सदस्य पालक हवेत, निम्म्या बाया हव्यात. अनुदान कसं खर्च होतं यावर लक्ष ठेवणं आणि शाळेचा विकास आराखडा करणं हे समितीचं कामच आहे. तुमच्याकडे हे कसं चालतं ते लिहा. गावाचं आणि शिक्षकांचं नाव नको. माणसं रोज एकमेकांच्या समोर असतात.

पालक (आई), यवतमाळ जिल्हा

माझा अनुभव खिचडीचा. पहिली ते पाचवीच्या लेकराला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, हे समितीच्या प्रशिक्षणात कळलं. आमची शाळा पाचवीपर्यंतची, पटावर ५८. एका सोमवारी मी चव घ्यायला गेले. दिवस वेचणीचे, मोठ्या पोरी आयांसोबत वावरात. मी वर्गात डोकी मोजली, ४१ भरली. वहीत ५८ जणांचा तांदूळ, म्हणजे ५ किलो ८०० ग्रॅम. प्रत्यक्षात शिजायला हवा होता ४ किलो १०० ग्रॅम.

बोलले, तर सगळा रोख स्वयंपाक करणाऱ्या ताईवर वळला. तिला महिन्याला अडीच हजार मानधन, तेही दोन-दोन महिने उशिरा, आणि वही ती लिहीतच नाही. तिला पुढे करून मोकळं होणं मला पटलं नाही. मी समितीत एवढंच मागितलं की किचनशेडच्या भिंतीला फळा लावा, त्यावर रोज सकाळी आजची हजेरी आणि आजचा तांदूळ लिहा. ताईला लिहिता येत नाही, म्हणून तिसरीतली एक पोरगी लिहिते. आता पाण्याला जाणाऱ्या बायाही तो आकडा वाचून पुढे जातात. वरण अजून पातळच आहे. त्यावर बोलणं चालू आहे.

निवृत्त मुख्याध्यापक, वाशीम जिल्हा

वर कोऱ्या पानाचं वाचलं. मीही तसं पान घरोघरी फिरवलं आहे आणि ते चुकीचंच होतं. पण आमची बाजूही लिहितो. अनुदान कित्येकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येतं आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो. तोवर खडू, झाडू, विजेचं बिल मुख्याध्यापकाच्या खिशातून. दोनशिक्षकी शाळा, त्यात एक जण मतदार यादीच्या कामाला. बैठक बोलवावी तर सकाळी अकराला कोण येणार? वावरात जाणारी बाई रोजी बुडवून येत नाही.

मग मी बैठक सायंकाळी सातला मारुतीच्या पारावर ठेवली. पुरुष आले. बौद्धवाड्यातली एकही बाई आली नाही, आणि त्यांची लेकरं पटावर निम्म्याहून जास्त होती. मला वाटलं, त्यांना आस्था नाही. हे मी एका सदस्य ताईंना बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "गुरुजी, त्या पारावर आमी कधी बसलो का?" एवढ्या वर्षांच्या नोकरीत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पुढची बैठक शाळेच्या व्हरांड्यात घेतली. अकरा बाया आल्या. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नाही, हा विषय त्या दिवशी पहिल्यांदा वहीत आला.

माजी विद्यार्थिनी, वर्धा जिल्हा

त्याच विषयावर. यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी संकेतस्थळावर, कोणत्याही शाळेची माहिती मोबाइलवर दिसते. आमच्या शाळेपुढे मुलींचं स्वच्छतागृह चालू स्थितीत दाखवलं होतं. आहे, पण कुलूपबंद, किल्ली ऑफिसात. माझी लहान बहीण सातवीत आहे. मधल्या सुट्टीत घरी येते आणि महिन्यातले काही दिवस परत जातच नाही. आईने तो मोबाइल बैठकीत नेऊन दाखवला. आता किल्ली मुलींच्या वर्गप्रमुखाकडे असते.

पालक, अकोला जिल्हा

आमच्या इथं अध्यक्ष झालेल्या भाऊचं लेकरू तालुक्याच्या कॉन्व्हेंटात जाते. अध्यक्ष त्याच शाळेतल्या लेकराचा पालक पाह्यजे. मी बैठकीत इचारलं तं म्हणे, "तुले कायले पाह्यजे?" तोंडी इचारून काही होत नाही पाहून माहितीच्या अधिकारात अर्ज केला, दहा रुपयांचं तिकीट लावून. तीस दिवस गेले, उत्तर नाही. पहिलं अपील केलं, तवा बैठकीच्या हजेरीची प्रत भेटली. त्यात माझ्या बायकोची सही, अन् तारीख अशी का त्या दिवशी थे बाळंतपणाले माहेरी होती. मी भांडायले नाही गेलो. थे प्रत अन् बाळाचा जन्मदाखला दोन्ही समितीसमोर ठेवले. कोनी काही बोललं नाही. पुढच्या पालकसभेत निवड नव्यानं झाली, हात वर करून.

तरुण, गडचिरोली जिल्हा

आमच्याकडे घरात माडिया बोलतात. समितीची बैठक मराठीत, वही मराठीत, म्हणून आया-बाया येऊन बसतात आणि गप्प राहतात. वहीत मात्र "चर्चेअंती" लिहिलेलं असतं. गेल्या वर्षीपासून मी आणि अंगणवाडीची ताई मध्ये बसून दोन्हीकडचं सांगतो. बैठक तासाऐवजी दोन तास चालते. आमच्या जिल्ह्यात मेंढा-लेखा गावाने ग्रामसभेचे निर्णय बहुमताने न घेता सर्वांच्या सहमतीने घेऊन दाखवले आहेत. मग शाळेच्या बैठकीला वेळ लागला तर लागू द्यावा.

खरी अडचण वेगळी आहे. आमच्या शाळेत १४ मुलं. २०२३ मध्ये वीसच्या आतल्या पटाच्या शाळांची मिळून समूहशाळा करण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा शाळा जाणार हे आम्हाला बाजारात कळलं. शाळेत विचारलं तर सरांनाही लेखी काही नव्हतं. पलीकडच्या गावच्या शाळेत जायला मध्ये नाला आहे, आणि श्रावणात तो छातीएवढा असतो. हे समितीने ठरावात लिहिलं, ग्रामसभेनेही लिहिलं, दोन्ही ठराव पोच घेऊन दिले. शाळा आज तरी चालू आहे. पण लेकरांची शाळा आहे की नाही, हे आईबापाला बाजारात कळावं, हे मला अजून खुपतं.

धागा सुरू करणारी

सगळं वाचलं, काही दोनदा. गुरुजी, तुमचं पाराचं वाचून मी आमच्या सह्यांची यादी पुन्हा पाहिली. ते दोन अंगठे टोल्यावरच्या (गावापासून सुट्या वस्तीवरच्या) दोघींचे आहेत आणि त्या बैठकीला कधीच आलेल्या नाहीत. मी त्यांच्याकडे गेले. एक म्हणाली, "आमाले कोनी बलावलंच नाही, पोरगं वही घेऊन येते."

पुढची बैठक शनिवारी सायंकाळी सातला, व्हरांड्यात. निरोप सांगायला मी स्वतः जाणार आहे. ठराव तिथेच मोठ्याने वाचून मगच सह्या घ्यायच्या, याला सर हो म्हणाले आहेत. फळ्याचा विषयही घेते. यवतमाळच्या ताई, फळा केवढा आणि खर्च कोणत्या खात्यातून टाकला, तेवढं कळवा.