तांबड्या मातीचा चढ आणि फ्रंट-व्हील गाडी

प्रश्न: गावच्या घराआधीचा शेवटचा चढ तांबड्या मातीचा. पावसात आमच्या हॅचबॅकची पुढची चाकं जागच्या जागी फिरतात, शेजारच्या काकांची बोलेरो सरळ वर जाते. चारही चाकांना इंजिनची ताकद देणारी फोर-व्हील ड्राइव्ह (४x४) घेऊ का?

उत्तर १: तुमची गाडी फ्रंट-व्हील, म्हणजे पुढची चाकं ओढतात; चढावर भार मागे सरकतो आणि तीच हलकी होतात. बोलेरोला मागची चाकं ढकलतात, त्यात मागे चार माणसं बसली की काय बोलायचं! पण तीच गाडी रिकामी असताना ओल्या वळणावर जास्त रेस द्या, शेपूट बाहेर. फ्रंट-व्हील तिथे फार तर वळण सोडून सरळ जाऊ बघते, पाय काढला की बहुतेकदा सावरते.

उत्तर २: रिव्हर्समध्ये चढवून बघा. हसू नका, भार ओढणाऱ्या चाकांवर येतो.

उत्तर ३: काकांचं नका मनावर घेऊ. जिम्नी किंवा थार ४x४ चिखलात मस्तच, पण कोरड्या डांबरावर ४एच (चारही चाकांना ताकद देणारा मोड) लावायचं नाही; पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं सेंटर डिफरन्शियल नसतं, वळताना गाडी आखडते. आणि आंबोली घाट उतरताना ब्रेक सगळ्यांचे चारही चाकांनाच, ब्रेक मारताना ४x४ चा वेगळा फायदा नाही. टायरची नक्षी ३ मिमीच्या खाली असेल तर आधी टायर बदला.

प्रश्नकर्ता: नक्षी दिसतच नाहीये राव.