गरम गाडी, मुका सेल्फ

भाऊ, सकाळी एका झटक्यात चालू होणारी गाडी तासभर पळवून चहाला थांबवली की नुसतं ‘टक्’ करते, म्हणून तुम्ही नवा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, घ्यायला निघालात. जरा थांबा. माझ्या जुन्या जीपने मे महिन्यात नशिराबादजवळ हाच तमाशा केला होता. बॉनेट उघडून लिंबाखाली पाऊण तास बसलो, मग बया पहिल्याच किल्लीला चालू!

हेडरचा, म्हणजे इंजिनचा गरम धूर बाहेर नेणारा पाइप सोलेनॉइडपासून जेमतेम दोन बोटं. सोलेनॉइड म्हणजे सेल्फला बॅटरीचा करंट जोडणारा चुंबकी स्विच. त्याच्या गुंडाळीचं तांबं २५ अंशांवरून १०० वर गेलं की रोध तीसेक टक्के वाढतो. त्यात किल्लीकडून फिरून येणारी जुनाट बारीक वायर, मग सोलेनॉइडला जोर कुठून येणार? मी बॅटरीशेजारी रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच, बसवला. किल्ली फक्त रिले ओढते, करंट जाड वायरने फ्यूजमधून थेट सोलेनॉइडला. पाइप आणि सोलेनॉइडच्या मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा, पाइपला न टेकवता.

पण आधी अर्थिंग, म्हणजे बॅटरीची मायनस इंजिनला जोडणारी वायर, बघा. सेल्फ मारताना बॅटरीची मायनस आणि इंजिन ब्लॉक यांच्यात मीटरवर अर्धा व्होल्ट दिसला, तर चोर तिथेच.

हेडरला उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळायचं मला पटत नाही. पावसाळ्यात ओल धरते, आत लोखंड गंजतं.