'हेडफोन ॲम्प'ला मराठीत काय म्हणावे? ध्वनिवर्धक, विवर्धक की आणखी काही?

फोंडा येथून प्रश्न

आमच्या गावच्या वाचनालयात जुनी नाट्यगीते आणि भजने ऐकण्यासाठी एक छोटा श्रवणकक्ष सुरू होत आहे. ऐकणाऱ्याने स्वतःचा फोन किंवा वाचनालयाचा म्युझिक प्लेअर वापरावा आणि वाचनालयाने त्याला हेडफोनबरोबर खिशात मावेल एवढा एक ॲम्प्लिफायर द्यावा, अशी योजना आहे. सोबत द्यायचे मराठी सूचनापत्र लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. या उपकरणाला 'सुवाह्य ध्वनिवर्धक' म्हणावे, असे समितीत सुचवण्यात आले. त्यावर एका ज्येष्ठ सदस्यांनी लगेच हरकत घेतली की वाचनालयात ध्वनिवर्धक लावणार असाल तर वाचणाऱ्यांनी कोठे बसायचे? त्यांची हरकत मला योग्य वाटली, परंतु पर्यायी शब्द सापडत नाही. त्याचबरोबर उपकरणाच्या माहितीपत्रकातील 'इम्पीडन्स', 'गेन', 'लाइन आउट' हे शब्द मराठीत कसे लिहावेत आणि 'हा फोन या हेडफोनसाठी पुरेसा नाही' हे नेमक्या कोणत्या क्रियापदाने सांगावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

म्हापसा येथून

आपल्या समितीतील ज्येष्ठांनी घेतलेली हरकत भाषेच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. 'ध्वनिवर्धक' या शब्दाची फोड पाहिली तर तो कोणत्याही ॲम्प्लिफायरला लागू पडावा असे वाटते. पण शब्दाचा अर्थ फोडीने ठरत नाही, वापराने ठरतो. आपल्याकडे जत्रोत्सवातील नाटकांच्या परवानग्यांपासून वर्तमानपत्रांतील बातम्यांपर्यंत सर्वत्र ध्वनिवर्धक म्हणजे लाऊडस्पीकर, चारचौघांना ऐकू जावा म्हणून आवाज बाहेर फेकणारे साधन. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांमुळे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास एरवी बंदी असते, आणि गोव्यात या नियमावर इतकी चर्चा झालेली आहे की हा शब्द वाचताच वाचकाच्या मनात कर्णा आणि भोंगाच येतो. ज्या साधनाचा आवाज शेजारी बसलेल्या माणसालाही ऐकू जाऊ नये, त्याला हा शब्द देणे इष्ट नाही.

दुसरा दोष अधिक महत्त्वाचा आहे. हे उपकरण ध्वनी वाढवत नाही, कारण त्याच्यापर्यंत ध्वनी पोचलेलाच नसतो. फोनमधून किंवा प्लेअरमधून त्याच्याकडे येतो तो विजेचा संकेत. त्या संकेताचा दाब आणि त्याची शक्ती वाढवून तो पुढे हेडफोनकडे पाठवायचा, एवढेच त्याचे काम असते. विजेचा ध्वनी होतो तो हेडफोनच्या पडद्यापाशी. म्हणून शास्त्रीय मराठी लेखनात ॲम्प्लिफायरसाठी रुळलेला 'विवर्धक' हा शब्द येथे निर्दोष आहे. त्यात कशाचे विवर्धन हे गृहीत धरलेले नाही, आणि भोंग्याची आठवणही होत नाही. 'हेडफोन-विवर्धक' असा जोडशब्द मी सुचवीन. 'श्रवण' शब्दापासून काही बनवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण 'श्रवणयंत्र' हा शब्द कमी ऐकू येणाऱ्यांच्या कानातील यंत्रासाठी पक्का झालेला आहे आणि त्या यंत्रातही विवर्धकच असल्यामुळे घोटाळा अधिकच वाढेल.

'इम्पीडन्स'साठी 'संरोध' हा शब्द आहे. केवळ 'रोध' म्हणजे रेझिस्टन्स. वारंवारतेनुसार बदलणाऱ्या एकूण अडथळ्याला 'संरोध' म्हणतात. तो ओहम या एककात मोजतात आणि हेडफोनच्या खोक्यावर तो बहुधा छापलेला असतो. फोनबरोबर वापरायचे साधे इअरफोन १६ किंवा ३२ ओहमचे असतात, तर घरी किंवा स्टुडिओत वापरायचे काही मोठे हेडफोन २५० किंवा ३०० ओहमचे असतात. बायरडायनॅमिक या जर्मन कंपनीचे डीटी ९९० हे एकच प्रारूप ३२, २५० आणि ६०० ओहम अशा वेगवेगळ्या संरोधांत मिळत आलेले आहे.

आता आपण विचारलेल्या क्रियापदाकडे येतो. इंग्रजीत येथे 'ड्राइव्ह' म्हणतात आणि त्यावरून 'हा फोन हेडफोन चालवू शकत नाही' अशी वाक्ये अलीकडे दिसू लागली आहेत. ऐकणाऱ्याला त्यातून कळते ते भलतेच, कारण मराठीत 'हेडफोन चालत नाही' याचा अर्थ तो बिघडला आहे. आपल्याकडे यासाठी 'पेलणे' हे नेमके क्रियापद तयार आहे. 'या फोनला हा हेडफोन पेलत नाही' असे लिहिले की सामान्य वाचकालाही कळते आणि तंत्रज्ञालाही खटकत नाही, कारण विद्युत्‌शास्त्रातही हेडफोन हा विवर्धकावरचा 'भार'च असतो. भार पेलायचा असतो.

फोनला एखादा हेडफोन पेलत नाही याचे कारण आकड्यांत पाहावे. फोनने जास्तीत जास्त १ व्होल्टचा दाब दिला असे धरू. ३२ ओहमच्या हेडफोनला त्या दाबाने सुमारे ३१ मिलिवॉट शक्ती मिळते, तर ३०० ओहमच्या हेडफोनला अवघी ३.३ मिलिवॉट. म्हणजे त्याच फोनवर, त्याच खुणेपर्यंत आवाज ठेवूनही दुसऱ्या हेडफोनला शक्तीचा दहावा हिस्साच मिळतो. त्याला ३० मिलिवॉट द्यायचे तर ३ व्होल्ट दाब हवा, आणि बहुतेक फोनना तेवढा दाब देता येत नाही. उलट कमी संरोधाच्या पण कमी संवेदनक्षम हेडफोनला दाब पुरतो, पण विद्युत्‌प्रवाह कमी पडतो. अशा वेळी आवाज वाढवत नेला की तो मोठा होण्याऐवजी फाटतो. 'फाटणे' हाही आपला जुना, नेमका शब्द आहे. 'डिस्टॉर्शन होणे' असे लिहिण्याचे काहीच कारण नाही. ठरावीक शक्ती दिल्यावर हेडफोन किती मोठा वाजतो, याला 'संवेदनक्षमता' म्हणावे. 'संवेदनशीलता' हा शब्द आता माणसांच्या मनासाठीच शोभतो.

मडगाव येथून

म्हापशाच्या उत्तरातील 'पेलणे' मला फार आवडले. 'विवर्धक' शब्दाविषयी मात्र शंका आहे. भिंगाखाली वस्तू मोठी दिसते त्यालाही पुस्तकांत 'विवर्धन' म्हटलेले मी वाचले आहे. शिवाय सूचनापत्र हातात घेणारा माणूस बहुधा वयस्कर भजनी किंवा शाळकरी मुलगा असणार, आणि दोघांनाही 'हेडफोन-विवर्धक' वाचून बोध होणार नाही. त्यापेक्षा 'आवाज वाढवण्याची डबी' असे सरळ लिहिले तर काय बिघडेल? हल्ली फोनमध्येच सर्व काही असते, तेव्हा या उपकरणाचे प्रयोजन आवाज वाढवणे हेच नव्हे काय?

म्हापसा येथून

शब्द सोपा हवा, हे मला पूर्ण मान्य आहे. 'आवाज वाढवण्याची डबी' या नावाला मात्र माझा विरोध आहे, आणि त्याचे कारण निव्वळ भाषिक नाही. वस्तूला जे नाव दिले जाते, त्याप्रमाणेच लोक ती वापरतात. आवाज वाढवण्यासाठी दिलेली डबी कोणीही आवाज वाढवण्यासाठीच वापरणार, आणि येथे धोका कानाला आहे. प्रौढांनी आठवड्याला ८० डेसिबलपर्यंतचा आवाज ४० तासांहून अधिक ऐकू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आवाज ३ डेसिबलने वाढला की ही मुदत निम्मी होते. संवेदनक्षम इअरफोन फोनला सहज पेलतात, त्यांना विवर्धकाची मुळीच गरज नसते, आणि तरीही तो जोडला तर नॉब पाव फेराही फिरवण्याआधी आवाज असह्य होतो.

विवर्धकाचे खरे प्रयोजन हे की हव्या त्या, माफक पातळीवरही हेडफोन न अडखळता वाजावा. मोगूबाई कुर्डीकरांची एखादी संथ आलापी मोठ्या हेडफोनवर थेट फोनमधून ऐकली आणि नंतर विवर्धक मध्ये घालून तेवढ्याच आवाजात ऐकली, तर फरक कशात पडतो ते ध्यानात येते: तबल्याच्या डग्ग्याची घुमार आखूड व स्पष्ट होते, आणि तार स्वरावर गाणे पोचताना आवाज फाटत नाही. फोनला तो हेडफोन मुळातच पेलत असेल तर मात्र असा काही फरक पडत नाही, हेही तितकेच खरे आहे. आणखी एक मर्यादा सूचनापत्रात अवश्य सांगावी. केसरबाई केरकरांच्या ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेल्या गायनात जी खरखर असते, तीही गाण्याबरोबरच विवर्धित होते. विवर्धक गाणे आणि खरखर यांत भेद करत नाही. त्यामुळे 'आवाज सुधारणारे यंत्र' असेही म्हणता येणार नाही.

संगीताच्या संदर्भात 'आवाज उंच करणे', 'आवाज चढवणे' हे शब्दप्रयोगही टाळावेत. आपले ऐकणारे गाणारे आहेत. त्यांना उंच आवाज म्हणजे वरची पट्टी वाटेल. 'आवाज मोठा करणे' आणि 'आवाज बारीक करणे' यांत अशी संदिग्धता नाही.

तडजोड म्हणून मी असे सुचवतो की सूचनापत्राच्या शीर्षकात एकदा 'हेडफोन-विवर्धक' लिहावे, लगेच 'म्हणजे हेडफोनला पुरेशी शक्ती देणारी ही छोटी पेटी' असे स्पष्ट करावे आणि पुढे सर्वत्र 'ॲम्प' हा बोलण्यातला शब्द वापरावा.

फोंडा येथून

'ॲम्प' आणि 'हेडफोन-विवर्धक' ही जोडी समितीला मान्य होईल असे वाटते. 'गेन' आणि 'लाइन आउट' राहिलेच. आमच्या प्लेअरला शेजारी शेजारी दोन सॉकेट आहेत, एकावर हेडफोनचे चित्र आणि दुसऱ्यावर 'लाइन आउट' अशी इंग्रजी अक्षरे. हेडफोनची पिन दोन्हींत सारखीच बसते, त्यामुळे लोक कोणत्याही सॉकेटात ती घालतील अशी मला काळजी वाटते.

म्हापसा येथून

काळजी रास्त आहे. या ठिकाणी माझे मत भाषांतराच्या विरुद्ध आहे. उपकरणावर जी अक्षरे छापलेली आहेत, ती वाचकाला कागदावरच्या शब्दाशी जुळवून पाहावी लागतात. तेथे आपण 'बहिर्गामी मार्ग' लिहिले तर तो कोणते सॉकेट शोधील? 'लाइन आउट' तसेच ठेवावे आणि त्याचा अर्थ एका वाक्यात सांगावा: येथून संकेत ठरावीक पातळीवर, प्लेअरचा स्वतःचा हेडफोन-विवर्धक वगळून बाहेर पडतो. ॲम्प जोडायचा तो या सॉकेटाला. हेडफोनच्या सॉकेटाला ॲम्प जोडला तर एकदा विवर्धित झालेला संकेत पुन्हा विवर्धित होतो, म्हणजे पहिल्या विवर्धकाचे दोषही पुढे जातात. ते चालतच नाही असे नाही. फोनला दुसरे सॉकेटच नसते तेव्हा तसेच करावे लागते, आणि मग फोनचा आवाज बराच वर, पण फाटणार नाही इतपत ठेवून बाकीचे नियंत्रण ॲम्पच्या नॉबवर करावे. हेडफोन मात्र लाइन आउटला थेट कधीही लावू नये, कारण बहुतेक प्लेअरमध्ये तेथे आवाजाच्या बटणांचा अंमल चालत नाही. ही सूचना जाड अक्षरांत हवी.

जुन्या आयपॉडना २००३ पासून खालच्या बाजूला ३० पिनांचे कनेक्टर असे आणि त्यातूनच लाइन आउट मिळे. म्हणून त्या काळचे शौकीन एक आखूड केबल वापरून ॲम्प प्लेअरच्या पाठीला रबराने बांधत. २०१६ साली आयफोन ७ मधून हेडफोनचे सॉकेटच गेले, इतर अनेक कंपन्यांनीही पुढे तोच मार्ग धरला, आणि आता नव्या फोनला ॲम्प जोडायचा तो बहुधा यूएसबीने. त्या वेळी ॲम्पमध्ये 'डॅक' असावा लागतो. फोनमधील गाणे आकड्यांच्या रूपात असते. त्या आकड्यांचा विजेचा संकेत करणारा भाग म्हणजे डॅक. त्यासाठी पारिभाषिक मराठी शब्द जुळवता येईल, पण वाचकाच्या उपयोगाचा तो नाही. ब्लूटूथ हेडफोनच्या आत डॅक आणि विवर्धक दोन्ही असल्यामुळे त्यांना आपला ॲम्प लावण्याचा प्रश्नच येत नाही.

'गेन'ला, म्हणजे ॲम्प संकेताचा दाब किती पट करतो त्याला, 'वाढीचे प्रमाण' म्हणावे. ॲम्पवरील त्याच्या खटक्यावर 'लो' आणि 'हाय' छापलेले असते. ६ डेसिबलची वाढ म्हणजे दाब दुप्पट, २० डेसिबल म्हणजे दहापट. सूचना अशी लिहिता येईल: 'वाढीचा खटका लो वर ठेवावा. नॉब बराच फिरवूनही आवाज बारीक वाटला तरच, हेडफोन कानावरून काढून, खटका हाय वर करावा.'

पावसाळ्यातील एक गोष्टही त्यातच घालावी. आपल्याकडच्या दमट, खारट हवेत पिनेवर काळपट थर धरतो आणि मग एका कानात आवाज येतो, दुसऱ्यात येत नाही. लोक समजतात ॲम्प बिघडला. पिन कोरड्या मऊ कापडाने पुसावी. आणि फोन ॲम्पला चिकटवून ठेवला असता 'टिडिक-टिडिक' असा आवाज आला, तर तो फोनच्या २जी लहरींचा असतो. फोन हातभर दूर ठेवावा किंवा विमान मोडवर टाकावा.

डिचोली येथून

मुद्रितशोधन करणारी म्हणून दोन गोष्टी सुचवते. 'ॲम्प' हा शब्द काही जण 'अँप' असा लिहितात. फोनविषयीच्या मजकुरात 'ॲप' हा शब्द पदोपदी येणार, आणि घाईने वाचताना 'अँप' व 'ॲप' एकच वाटतील. म्हणून 'म्प' हे जोडाक्षर ठेवावे. लिंगाविषयी बोलायचे तर 'ॲम्प', 'डॅक', 'प्लेअर' हे सर्व पुल्लिंगी: तो ॲम्प, ॲम्पचा नॉब. 'हेडफोन' एकाच साधनासाठी असेल तर 'तो हेडफोन, हेडफोनची पिन' असे एकवचन वापरावे. 'ते हेडफोन' लिहिले तर वाचनालयाने एकापेक्षा अधिक दिले आहेत असा अर्थ निघेल, आणि परत घेताना नोंदवहीत तोच घोळ होईल. 'इअरफोन' मात्र दोन कानांचे दोन वेगळे तुकडे असल्यामुळे बोलण्यात अनेकवचनी रुळले आहेत, ते तसेच राहू द्यावेत.