वृद्धाश्रमासाठी दोन बटणांची पेटी: गाणं लागतं, गप्पा लागत नाहीत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांनी एकमेकांशी बोलावं म्हणून एक उपकरण बनवतोय आणि गाडी अडली आहे.

आधी टॅब्लेट दिले होते, ते सपशेल फसलं. कोरड्या बोटांचा स्पर्श पडद्याला कळेना, ज्यांचा हात थरथरतो त्यांचं एकदा दाबलेलं तीनदा लागे. ज्यांना जमलं ते त्यातच डोकं घालून बसले. म्हणजे होतं तेवढंही बोलणं गेलं.

मग लाकडी पेटी केली. दोन मोठी बटणं, दोन्ही एकदम दाबली तरच जुनं गाणं लागणार. म्हटलं, शेजारच्याला हाक मारावीच लागेल. पहिल्याच दिवशी एका आजींनी पेटी मांडीवर घेतली, दोन हातांनी दोन्ही बटणं दाबली आणि डोळे मिटून ऐकत बसल्या. :) माझी सगळी हुशारी तिथेच जिरली.

आता बटणं सुटी करून टेबलाच्या दोन टोकांना बसवली आहेत. हाका सुरू झाल्या, पण गाणं लागलं की पुन्हा शांतता. सगळ्यात जास्त बोलणं होतं ते गाणं लागत नाही तेव्हा. "अहो, दाबा की!" "दाबलंय हो, तुम्हीच उशीर करताय."

शोधाशोध करताना दोन गोष्टी सापडल्या. नेदरलँड्समधलं 'टोव्हरटाफेल' नावाचं उपकरण वरच्या बाजूने टेबलावर प्रकाशचित्रं पाडतं आणि ती हाताने सरकवता येतात. ते कुणी एकटं मांडीवर घेऊन बसू शकत नाही, हे मला फार पटलं. दुसरी गोष्ट जुनी आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सॉमर यांनी १९५०च्या दशकात कॅनडातल्या एका वृद्ध स्त्रियांच्या वॉर्डात भिंतीला लावलेल्या खुर्च्या छोट्या टेबलांभोवती मांडल्या, आणि काही आठवड्यांत आपसातलं बोलणं जवळपास दुप्पट झालं. एकही वायर न जोडता! (आमच्याकडच्या खुर्च्या अजून भिंतीलाच आहेत. पुसायला सोपं जातं म्हणे.)

तर विचारायचंय ते असं. गाणं अर्ध्यातच थांबवलं तर कुणीतरी पुढची ओळ म्हणेल आणि तिथून विषय निघेल, असं वाटतं. पण ज्यांना स्मृतिभ्रंश आहे त्यांना ती परीक्षा वाटली तर? शिवाय कानाला यंत्र लावणाऱ्यांना गाण्याच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकूच येत नाही. आवाज कमी केला की बाकीचे कुरकुरतात. स्पीकर प्रत्येकाच्या जवळ द्यावा म्हटलं तर पुन्हा जो तो आपल्यातच!

खिडकीशी बसणारे एक आजोबा टेबलाकडे फिरकतच नाहीत. त्यांना मी ओढून आणणार नाही, तेव्हा तो सल्ला कृपया नको.

वृद्धांसोबत असं काही प्रत्यक्ष करून पाहिलेलं कुणी आहे का? गुरुवारी पुन्हा जायचंय. अर्धं गाणं ठेवू की पूर्ण?